एकाचा नऊ

सावद्याला स्टेशनरोडवर, केळी ग्रुपच्या ऑफिसबाहेर
रोज सकाळी मी खडूने भाव लिहितो.
एकवीस वर्षं.
मोटारसायकल न थांबवता लोक वाचून जातात
इतके माझे आकडे ठसठशीत.

आषाढातल्या एका सोमवारी मी लिहिले अकराशे
आणि चिनावलचा भंगाळे आत आला, पेढे मागत:
“एकोणीसशे! काय सांगता, लीलाधरभाऊ!”
बाहेर जाऊन पाहिलं.
दुसऱ्या एकाची शेपटी
थरथरत पुन्हा वर गेलेली.
रुमालाने पुसून परत लिहिला.
परत नऊच.

पोटात उजवीकडे, कमरेखाली,
सिंधूअक्काची किडनी आहे. चौथं वर्ष.
माझं शरीर संशयी, सख्ख्या बहिणीलाही विचारतं,
कोण तू, कोणाकडची?
म्हणून त्याला सकाळी आठ, रात्री आठ
टॅक्रोलिमस देऊन गप्प बसवायचं.
हे नाशिकच्या डॉक्टरांचं. फाइल निळी.

बीपी एकशे सत्तर झालं तेव्हा गावच्या डॉक्टरांनी,
माणूस सोन्यासारखा, फीसुद्धा घेतली नाही,
डिल्टियाझेम लिहून दिली. फाइल पिवळी.
दोन्ही फायली एकाच कपाटात, एकाच कप्प्यात,
एकमेकींना चिकटून.
तीन आठवडे बोलल्या नाहीत.

रक्त काढायला आलेला शरीफ तडवी
सुई टोचायच्या आधी माझा हात बघत बसला.
“भाऊ, गोळ्यांची पाकिटं दाखवा.
नवीन कोणती?”
तिसऱ्या दिवशी रिपोर्ट:
हवी होती सात, आली एकोणीस.

मला समजलं ते असं.
यकृतात वजनकाटा एकच.
टॅक्रोलिमसचे ट्रक तिथून मोजून मोजून बाहेर पडायचे.
डिल्टियाझेम आली, काट्यावर चढून उभी राहिली,
ड्रायव्हर चहाला.
मागे रांग, पार रक्तभर,
आणि रांगेतले भोंगे माझ्या बोटांत वाजत होते.

नाशिकचे फोनवर म्हणाले,
ही जोडी काही जण मुद्दामही देतात,
महागडी गोळी मग कमी पुरते.
पण मोजून. सांगून.
सांगून हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला,
एकदा मला, एकदा बहुतेक स्वतःला.

डिल्टियाझेम बंद. लोसार्टन सुरू.
बोटं पंधरा दिवसांत जमिनीवर आली,
आणि पोटॅशियम वर गेलं. पाच पॉइंट आठ.
टॅक्रोलिमस त्याला धरून ठेवते, लोसार्टनही धरून ठेवते,
दोघींची पहिल्यांदाच एकी झाली,
तीही माझ्याविरुद्ध.
गोळी निम्मी झाली. आहारतज्ज्ञ बाईंनी कागद दिला.
वरून पहिली ओळ: केळी बंद.
पत्ता विचारला त्यांनी. सांगितला.
पेन खाली ठेवून त्या जरा वेळ हसल्या,
मग सॉरी म्हणाल्या.

इथे सांत्वनालाही केळं देतात.
कापणीच्या गाडीतून कोणी फणी खाली टाकतो, खा म्हणतो,
नको म्हटलं तर विचारतो, शुगर का?
मी हो म्हणतो. शुगर सगळ्यांना कळते.

भाऊबीजेला अक्का आली फैजपूरहून.
ओवाळलं. ताटातलं केळं उचलून बाजूला ठेवलं,
मग पुन्हा घेतलं, सोललं,
माझ्यासमोर बसून सावकाश खाल्लं.
“माह्याकडे बी एकच हे, तुह्याकडे बी एकच हे,
पन केयं मलेच चालते.
रडू नको रे, तुह्या वाट्याचं मीच खाते.”
साल माझ्या हातात दिली, टाक म्हणाली.
मी परसात जाऊन ती थोडी हुंगली.

आज भाव चौदाशे दहा.
फळ्यापुढे उभा राहिलो की
खडू टेकवण्याआधी हवेत एक काढून बघतो.
येणारे जाणारे समजतात,
लीलाधरभाऊ माशी हाकलतोय.